डोळे मिटा, समुद्र पाहा

दयारामशेठच्या बापजाद्यांची उरणच्या बाजूला मिठागरं होती. शेठनी मिठागरं विकून डंपर घेतले आणि वीस वर्षं मुरूम टाकून खाड्या बुजवल्या. साठी आली, छातीत एकदा कळ आली आणि मग त्यांना निसर्गाची ओढ लागली.

ही ओढ अल्पेशजींनी लावली. अल्पेशजी पूर्वी वाशीला वॉटर प्युरिफायर विकायचे. आता ‘सृष्टीत ईश्वर’ नावाची एकदिवसीय शिबिरं घ्यायचे. माघातल्या एका रविवारी त्यांनी चाळीस साधक आगरदांड्याच्या धक्क्यावर आणले. सगळ्यांच्या अंगात पांढरे टी-शर्ट, छातीवर ‘मी लाट आहे’. फेरीबोटीतून दिघीला जायचं, मधे खाडीत ध्यान करायचं आणि पलीकडे जाऊन सात्त्विक नाश्ता, असा बेत होता.

नाश्ता शेठची बायको गोदू हिच्याकडे होता. पहाटे उठून तिनं तीन डबे घावणे केले होते. सुकटीची चटणी अल्पेशजींनी नामंजूर केली होती, त्यामुळे ती जरा रुसलेलीच होती.

बोट सुटली. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, समोर उघडा समुद्र, पाण्यावर सकाळचं ऊन सांडलेलं. अल्पेशजींनी माइक हातात घेतला.

“ईश्वराचं वैभव पाहायला आपण इतक्या लांब आलोय. आता सगळ्यांनी डोळे मिटा. मनात एक अथांग समुद्र आणा.”

वर सुकाणूपाशी बसलेला सदा खाली वाकून म्हणाला, “समुद्र हितंच हाय की, साहेब.”

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. चाळीस जणांनी डोळे मिटले. स्पीकरवर लाटांचा आवाज सुरू झाला, तोही रेकॉर्ड केलेला.

गोदूला डोळे मिटणं शक्यच नव्हतं. बोटीमागून समुद्रपक्ष्यांचा थवा येत होता आणि त्यांचा डोळा घावण्यांवर होता. ती डब्यांना पाठ टेकून पदरानं पक्षी हाकलत बसली.

तेवढ्यात शेजारीच ‘फुस्स’ असा आवाज झाला. कुणीतरी मोठा श्वास सोडावा तसा. गोदूनं वळून पाहिलं. दहा हातांवर पाणी फुगलं आणि त्यातून एक राखाडी पाठ वर आली. सावकाश, चकाकत, बुडून गेली. मग दुसरी. मग दोघींच्या मधोमध एक लहानगी, फिकट, आईच्या अंगाला घासत. पाच डॉल्फिन होते. एकानं अख्खं अंग हवेत टाकलं, क्षणभर तिथंच राहिला आणि पाण्यात पडला. गोदूच्या तोंडावर शिंतोडे आले. तिचे हात आपोआप जोडले गेले. मागं पक्ष्यांनी पहिला डबा उलटवला, तिला कळलंही नाही.

तिनं नवऱ्याची बाही ओढली. “आवं, डोले उघडा!”

“गप गो,” शेठ डोळे घट्ट मिटून पुटपुटले. “देव येतोय.”

सात मिनिटांनी घंटा वाजली. अल्पेशजींनी एकेकाला अनुभव विचारला. कुणाला निळा प्रकाश दिसला, कुणाला हसतमुख सासू. शेठना काहीच दिसलं नव्हतं, पण शिबिराचा खर्च त्यांचा, म्हणून त्यांनी “सोनेरी प्रकाश” असं सांगितलं.

सदानं वरून हाक दिली, “मावशी, बघितलात न्हवं? पिल्लू पन होतं!”

“कसलं पिल्लू?” शेठनी विचारलं.

“डॉल्फिनचं. बोटीला लागूनच होते की.”

चाळीस लाटा एकदम एका कठड्यावर धावल्या. बोट कलली, सदा ओरडला. पाणी रिकामं होतं.

“बोट वलव,” शेठ म्हणाले. “परत बोलाव त्यांना.”

“शेठ, त्यांचा नंबर न्हाय माझ्याकडं.”

अल्पेशजी मात्र डगमगले नाहीत. “आपल्या ध्यानाच्या लहरींनीच ते आले!” असं म्हणून त्यांनी गोदूपुढे माइक धरला. “ताई, सांगा. काय जाणवलं?”

गोदूनं माइककडे पाहिलं. “मोठे व्हते,” ती म्हणाली. “शास घेत व्हते.” तिचे डोळे भरून आले. अल्पेशजींनी माइक परत घेतला आणि तिला काय जाणवलं ते बारा मिनिटं सांगितलं.

पुढच्या महिन्यापासून जाहिरातीत ‘डॉल्फिन ध्यान’ असा शब्द आला. शेठ आणखी तीन शिबिरांना गेले आणि तिन्ही वेळा त्यांनी शिस्तीत डोळे मिटले.

गोदू मात्र एका मंगळवारी सून भाविकाला घेऊन स्वतःच आगरदांड्याला गेली. सहा वेळा ये-जा केली आणि संध्याकाळी घरी आली.

“दिसले?” शेठनी विचारलं.

“न्हाय.”

“मंग दिवसभर काय केलंस?”

“पानी बघितलं. डोंगर बघितला. घार मासा घेऊन गेली, ती बघितली. लय बरं वाटलं.”

शेठनी एकदा दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पुढल्या टायमाला मला पन ने. पन अल्पेशजींना सांगू नको.”