साडेतीन किलोंचा आळ

हृदयाच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरचा दिवस वजनांपासून सुरू व्हायचा. पेशंट सकाळी लघवीला जाऊन आला, की चहाचा घोट पोटात जायच्या आत त्याला काट्यावर उभं करायचं. ज्याचं हृदय थकलंय त्याच्या अंगात पाणी साठतं, आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला कळतं, हे त्या बावीस वर्षं नव्या मुलींना सांगत आल्या होत्या.

चार नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला मात्र ते सांगायची गरज नव्हती. त्याची उभी हयात मालट्रकांच्या वजनकाट्यावर गेलेली. वॉर्डात सगळे त्याला काटेकाका म्हणत. चार महिन्यांत तिसऱ्यांदा पाय सुजवून आला होता. आला तेव्हा वजन भरलं शहात्तर किलो दोनशे. पाणी उतरवायची इंजेक्शनं सुरू झाली, दिवसभरात दीड लिटरच्या वर पाणी नाही असं ठरलं, आणि दुसऱ्या सकाळी वजन पंच्याहत्तर शंभरवर आलं. सगळं सरळ चाललं होतं.

तिसऱ्या सकाळी काट्यानं दाखवलं शहात्तर चारशे.

धाकट्या डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "लघवी भरपूर झालीय, पिण्यात मोजकंच पाणी दिसतंय, तरी वजन वाढलं. म्हणजे काका चोरून पाणी पितात."

"मी नाही प्यालो," काटेकाका म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात, बाबा," त्यांची लेक म्हणाली. ती कामावर रजा टाकून टाकून टेकीला आली होती. "मागच्या खेपेलाही तुम्ही बाथरूमच्या नळाला तोंड लावलं होतंत."

ते खरं होतं, आणि तिथंच काकांची बाजू पडली. डॉक्टरांनी इंजेक्शन दुप्पट केलं, पाणी लिटरभरावर आणलं. सिस्टरनी उशाशी असलेला पाण्याचा जग उचलला आणि नर्सच्या टेबलावर नेऊन ठेवला. "आता घोट हवा असला की मला मागायचा," त्या म्हणाल्या. आवाजात जरब आली होती. तीन-तीनदा समजावून पालथ्या घड्यावर पाणी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "काटा बदललाय तुमचा. हा खोटा आहे."

काटा बदलला होता हे बरोबर. आदल्या दुपारी जुना दुरुस्तीला गेला होता आणि वॉर्डमामांनी खालच्या मजल्यावरच्या अडगळीतून हा दुसरा ढकलत आणला होता. तो कुणी तपासला, असं सिस्टरनी तेव्हाच विचारलं होतं. मामा म्हणाले होते, "दिवा लागतोय, आकडे येतायत. अजून काय पाहिजे?" दुरुस्ती विभागाला फोन केला तर तिकडून उत्तर आलं, "अर्ज पाठवा." अर्ज पाठवला. पुन्हा फोन केला तर, "साहेब रजेवर आहेत."

सिस्टर मात्र मनात किंतू ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. संध्याकाळी इंजेक्शनाचा दुसरा डोस देऊन झाल्यावर त्यांनी मामांकरवी पिण्याच्या पाण्याचा एक भरलेला जार काट्यावर चढवला. वीस किलो आठशे. पाणी वीस लिटर, वर प्लास्टिकचं वजन. हिशेब जुळला.

"बघा काका, काटा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता तरी खरं बोला."

काकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. ओठ सुकून पांढरे पडले होते. सिस्टरना ते दिसलं, पण चोरून पिणाऱ्याचे ओठ इतके सुके कसे, हा प्रश्न तेव्हा त्यांच्या डोक्यात शिरला नाही. सातव्या खाटेवरच्या बाईला धाप लागली होती, आणि त्या तिकडे धावल्या.

चौथ्या सकाळी काका वजनासाठी खाटेवरून उतरले आणि दुसऱ्याच पावलाला ते कोसळले. सिस्टर शेजारीच होत्या म्हणून डोकं फरशीवर आपटलं नाही. त्यांनी आणि एका नव्या नर्सनं मिळून त्यांना आडवं केलं. रक्तदाब चौऱ्याऐंशीवर गेलेला, नाडी पळत होती. सिस्टरनी चादर बाजूला केली. तीन दिवसांपूर्वी ज्या पायात बोट दाबलं की खड्डा पडायचा, त्या पायाचा घोटा आता हाड न् हाड दिसावं असा उघडा पडला होता. हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

या अंगात पाणी जास्त नव्हतं. या अंगात पाणीच उरलं नव्हतं.

सकाळचं दुप्पट इंजेक्शन भरून तयार होतं. सिस्टरनी ते ट्रेमध्ये बाजूला ठेवलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

"वजन किती आज?" त्यांनी विचारलं.

"वजन नाही केलं. उभे राहू शकत नाहीत. दाब चौऱ्याऐंशी आहे, मी इंजेक्शन थांबवलंय."

"थांबवायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही येऊन बघा, आणि मग द्यायचं असेल तर तुमच्या हातानं द्या."

डॉक्टर आले ते तणतणतच. पण पाय बघितल्यावर त्यांचा आवाज खाली आला. "मग काल वजन वाढलं कसं?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले.

"एक जार ठेवून काय तपासता," खाटेवरून काका पुटपुटले. जीभ टाळूला चिकटत होती. "रिकाम्या ट्रकला सगळेच काटे खरं बोलतात. ओझं वाढवत न्यावं लागतं."

सिस्टरनी मामांना हाक मारली. तीन जार आणवले. एकेक करून ठेवले: प्रत्येक वीस किलो आठशे. मग तिन्ही एकावर एक रचले. व्हायला हवे होते बासष्ट चारशे. काट्यानं दाखवले पासष्ट नऊशे.

डॉक्टरांनी ते आकडे तक्त्यावर उतरवून घेतले. मग त्यांनी इंजेक्शन बंद लिहिलं, हळूहळू सलाईन सुरू करायला सांगितलं आणि रक्त तपासायला पाठवलं. दुपारी अहवाल आला. मूत्रपिंडावर ताण आला होता, पण वेळेत थांबल्यामुळे सावरण्यासारखा.

लेक दुपारी आली तेव्हा सिस्टरनी तिला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. तिनं ऐकून घेतलं आणि बापाच्या पायाशी बसून रडली. सिस्टर काकांकडे वळल्या. "तुम्ही सांगत होतात आणि मी तुम्हालाच चोर ठरवलं. चुकलं माझं."

"नळाला तोंड लावलं होतं ना मी मागं," काका म्हणाले. "तुम्हाला तरी काय दोष द्यायचा." मग म्हणाले, "पण राग आला होता. अजून आहे."

"असू द्या," सिस्टर म्हणाल्या.

त्यांना स्वतःला तर संतापायलाही सवड नव्हती. त्या काट्यावर दोन दिवस आणखी सात जणांची वजनं झाली होती. ड्युटी संपली तरी त्या सातही तक्ते घेऊन बसल्या. बारीक अंगाच्या चौघांना धक्का लागला नव्हता. भारी अंगाच्या तिघांपैकी दोघांचे डोस वाढवलेले निघाले. प्रत्येकासाठी वेगळ्या डॉक्टरांना फोन, प्रत्येकाला तीच कथा पहिल्यापासून. एकजण म्हणाले, "काट्याचं काय घेऊन बसलात, सिस्टर?" त्यांना ती कथा दोनदा ऐकावी लागली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशीही दुरुस्ती विभागातून कुणी आलं नाही. मेट्रनबाईंकडून चिठ्ठी मात्र आली: लिहून दिलेलं इंजेक्शन आधी परवानगी न घेता का थांबवलं, खुलासा द्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. सिस्टरनी खुलासा लिहिला. दाब, नाडी, पाय, जार, आकडे, आणि दुरुस्ती विभागाला केलेल्या फोनांच्या वेळा. पाण्याचा जग उचलून नेल्याचंही लिहिलं.

मेट्रनबाईंनी कागद वाचला. "हे फोनांचं काढून टाका ना. आणि शेवटी एवढंच लिहा, की यापुढे आधी विचारीन. मग विषय मिटेल."

"आधी थांबवीन आणि लगेच विचारीन, असं लिहिते हवं तर."

"कशाला ओढवून घेता?"

"बाई, तो माणूस पडला होता."

मेट्रनबाईंनी कागद दोन वेळा घडी घालून उघडला. मग तसाच फाइलला लावला. "जुना काही दुरुस्त होत नाही, नवीन काट्याला महिना तरी लागेल," त्या म्हणाल्या. "तोवर तळमजल्यावरच्या ओपीडीचा सकाळी वर नेत जा. आठच्या आत परत पाहिजे त्यांना."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला मामा आणि सिस्टर तो काटा लिफ्टमधून वर आणू लागले. चाकं करकरायची, लिफ्ट दोनदा अडकली, मामांची कुरकुर तर विचारायलाच नको. पण रोज वजनं सुरू व्हायच्या आधी त्यावर तीन जार चढायचे, आणि चार नंबरच्या खाटेवर उशाला टेकून बसलेले काका चष्मा लावून आकडा स्वतः वाचल्याशिवाय कुणालाही पुढे जाऊ देत नव्हते.