चिठ्ठी आधी, कोळी मग

हॉलिस टीगने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि नको तोच प्रश्न विचारला.

"कोरीन, या कुपीत चिठ्ठी कधी टाकलीस?"

कोरीन लेडफर्डच्या तोंडचं पाणी पळालं. कोळी गोळा करणाऱ्यांचं एकच सोवळं असतं. डोंगरावर जागच्या जागी शिसपेन्सिलीने ठिकाण लिहायचं, चिठ्ठी कुपीत टाकायची आणि मगच कोळी धरायचा. बारा वर्षांपूर्वी याच म्हाताऱ्याने तिला ते घोकून घोकून शिकवलं होतं.

"संध्याकाळी, गाडीत बसून," ती म्हणाली. "बोटं गारठली होती, सर."

"आणि त्या दिवशी डोंगर किती फिरलीस?"

"दोन."

घोडं तिथेच अडलं. कोळी नवा होता, यात वाद नव्हता. मसुराएवढा, तांबूस नर. तोंडापुढच्या दोन आखूड हातांच्या टोकाला हुकासारखा असा आकडा, की हॉलिसने पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. कोळ्याची जात त्या आकड्यावरूनच ठरते. पण तो कुठल्या डोंगराचा? ग्राइंडस्टोन राखीव जंगलात होता, त्याला कुणी धक्का लावणार नव्हतं. कोल्डस्प्रिंगचा माथा मात्र स्कीच्या उतारांसाठी सुरुंगाने उडवायचं चाललं होतं. कोळी तिथला ठरला, तर सुरुंग थांबणार होते. कोरीनने चिठ्ठीवर कोल्डस्प्रिंग लिहिलं होतं, आणि आज दुपारी दोनला कौंटीच्या सभेत तेच शपथेवर सांगायचं होतं.

"कोल्डस्प्रिंगचाच आहे, सर. मला चांगलं आठवतंय."

"आठवतंय, की तसं असावंसं वाटतंय?"

कोरीन चिडली. त्या डोंगराच्या झऱ्याचं पाणी पिऊन ती वाढली होती. "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"कोळ्याच्या. कोल्डस्प्रिंगच्या दाखल्यावर मी सही करणार नाही. साडेआठ झालेत, गाडी काढ."

हॉलिसचे गुडघे केव्हाच संपावर गेले होते. तो पायथ्याशी गाडीत सॉसेज-बिस्किट खात बसला आणि कोरीन एकटीच चढली. धुकं दाट होतं. फर वृक्षांच्या खोडांना मोजणीवाल्यांनी नारिंगी फिती बांधल्या होत्या. खडकावरच्या शेवाळाची कड गोधडीसारखी उचलायची, खाली बघायचं, परत तशीच दाबून बसवायची. अकरा वाजले. बारा वाजले. गोचिडी निघाल्या, पैसाकिडे निघाले, कोळी काही निघेना.

पावणेएकला एका कपारीखाली तो दिसला. तांबूस, मसुराएवढा, आणि फटीच्या दिशेने चालू लागलेला.

तिचा हात आपसूक पुढे गेला, आणि तिने तो मागे खेचला. दातांनी हातमोजा ओढला, पेन्सिल धरली. डोंगराचं नाव, उंची, तारीख, वेळ. कोळी फटीपासून बोटभर अंतरावर. चिठ्ठी कुपीत. कोळ्याचे पुढचे पाय फटीत शिरले तेव्हा तिने कुपी उपडी घातली.

आणि मग तिने त्याचे हात पाहिले. टोकं नुसती फुगलेली होती, आकडा नव्हताच. शेवटची कात टाकायची बाकी होती.

"पोरसवदा आहे," हॉलिस भिंगातून बघत म्हणाला. "वसंतापर्यंत याची जात कुणाचा बाप सांगू शकणार नाही."

सभेचे अध्यक्ष रॉयस हेन्सली सफरचंदांचे बागायतदार. त्यांना घरी जायची घाई होती. "बाई, सरळ सांगा. तो नवा कोळी कोल्डस्प्रिंगचा आहे की नाही?"

कोरीनने दोन्ही कुप्या वर धरल्या. "या मेलेल्याची ओळख पटली आहे, गाव ठाऊक नाही. या जिवंताचं गाव ठाऊक आहे, ओळख पटायची आहे. चिठ्ठी मी उशिरा लिहिली. चूक माझी."

"आमच्या जावयाचं तर दोन्ही ठाऊक नाही!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी सभा हसली. तरीही तीन विरुद्ध दोन मतांनी एक मेपर्यंतची मुदत मिळाली.

हिवाळाभर कोळी कोरीनच्या फ्रिजमध्ये, तळाला ओलं प्लास्टर थापलेल्या डबीत राहिला. ती त्याला चिमूटभर बारीक माश्या घाली आणि तो मेला तर, या धास्तीने दिवसातून चारदा झाकण उघडे. मार्चमध्ये स्की कंपनीने नेमलेल्या जाणकाराला त्या मेलेल्या कोळ्याच्या जातीचे कोळी सापडले, तेही डझनांनी, ग्राइंडस्टोनवर. पेपरात फोटो आले. दुकानात शेजारीण म्हणाली, "काय गं, तुझ्या कोळ्याने बिऱ्हाड हलवलं वाटतं?" कोरीन दूध घेऊन बाहेर पडली. सभेत शपथेवर कोल्डस्प्रिंगचं नाव घेतलं असतं, तर आज तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण आता सगळा भार डबीतल्या त्या एका जिवावर होता.

एकोणीस एप्रिलला तो कात टाकायला उलटा लटकला. पाठ उकलली, सात पाय सुटले, आठवा अडकला. कोरीनने चिमटा उचलला.

"खाली ठेव तो!" हॉलिस खेकसला. "तुटला तर मरेल."

चाळीस मिनिटं दोघं नुसते बघत बसले. आठवा सुटला. अंग टणक व्हायला एक दिवस दिला आणि दुसऱ्या दुपारी त्याला बर्फावर गारठवून भिंगाखाली घेतलं. हॉलिसने बराच वेळ पाहिलं.

"हा तो नव्हे."

कोरीनने भिंगाकडे पाठ फिरवली. "संपलं म्हणजे. कोल्डस्प्रिंग गेला."

"रडतेस काय, आधी बघ तरी!"

तिने पाहिलं. आकडा उलट्या बाजूला वळलेला होता, आणि टोकाला दुभंगलेला. असा तर पुस्तकात नव्हता, ग्राइंडस्टोनच्या डझनांत नव्हता, कुठेच नव्हता.

हॉलिसने ऑक्टोबरपासून बिनसहीचा पडलेला दाखला पुढे ओढला आणि हात पसरला. "चिठ्ठी."

तिने दिली. त्याने डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "कोल्डस्प्रिंग. बारा सत्तेचाळीस. आणि कोळी कधी धरलास?"

"बारा अठ्ठेचाळीसला, सर."

म्हाताऱ्याने खिशातून पेन काढलं आणि सही केली.