मापाडी 'एक' म्हणत नाही

निलंग्याच्या पोरानं 'एक' म्हटलं आणि लातूरचा अख्खा मोंढा खवळला.

पोराचं नाव प्रीतम. मुंबईत जाऊन नट झाला, आणि 'शिगोशीग' या नाटकावर सिनेमा निघाला तेव्हा त्यातली मापाड्याची भूमिका त्यालाच मिळाली. सिनेमातला एक तुकडा मोबाईलवर फिरला. त्यात तो ज्वारीचं माप भरतो, उपडं करतो आणि म्हणतो, 'एक'. बस्स, एवढंच, मागचंपुढचं काही नाही. पण मोंढ्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. आता काटे इलेक्ट्रॉनिक झाले, आकडे लाल दिव्यांत दिसतात, तरी पहिलं पोतं चढलं की म्हातारा हमाल तोंडातल्या तोंडात 'लाभ' म्हणतोच. तिथं 'एक' म्हणणं म्हणजे भरल्या घरात अभद्र बोलणं.

या खवळलेल्या लोकांत सगळ्यांत पुढे होता नांदेडचा आनंदराज सोनकांबळे.

त्याला कारणही होतं. रंगमंचावरचा मापाडी म्हणजे तोच. पाटबंधारे खात्यातली कारकुनी सांभाळून अकरा वर्षं तो ही भूमिका करत आला होता. कंधार म्हणू नका, देगलूर म्हणू नका, जिथं मांडव पडेल तिथं. नाटक संगीत, पण गोडगोड नव्हे. निजामाच्या काळातला एक मापाडी. चोरीचा आळ घेऊन तीन आडते त्याच्या पोराला मरेस्तोवर मारतात. मग हा एकेकाला विष घालतो आणि दर मुडद्याच्या उशाशी बसून ज्वारी मोजत गातो. दर वेळी मोजणी 'लाभ'पासून सुरू. शेवटी विष कालवलेली भाकरी चुकून त्याची लेकच खाते, आणि तो तिच्यापुढेही माप घेऊन बसतो. तिथं आनंदराज वेडापिसा हसत असा 'लाऽऽभ' लावायचा, वरच्या षड्जाला असा जाऊन भिडायचा, की मांडवाच्या कनाती हलायच्या. हमखास वन्समोअर यायचा. लेक गेलेल्या बापाला वन्समोअर द्यावा का, हा प्रश्न कुणाला पडला नाही. आनंदराजला तर नाहीच. तो वन्समोअर घ्यायचा.

सिनेमावाले नांदेडला येऊन प्रयोग बघून गेले होते. त्यांनी त्याला मिठ्या मारल्या, घरी येऊन त्याच्या बायकोच्या, महामायेच्या हातची भाकर आणि ठेचा खाल्ला, बोटं चाटली, आणि मुंबईला जाऊन भूमिका प्रीतमला दिली. साधा एक फोनसुद्धा केला नाही. हे शल्य आनंदराजच्या मनात ठसठसत होतंच, त्यात हा 'एक' हाती लागला. वार्ताहरानं विचारलं तेव्हा तो बोलून गेला, "निलंग्याचा असून ज्याला लाभ म्हनता येत न्हाई, त्यानं मापाडी करू ने. माझ्यासमोर करून दाखव म्हनावं. माझ्याहून भारी निघाला, तर मी पुन्हा ह्या भूमिकेला हात लावनार न्हाई."

छापून आलं, तेही ठळक. लातूरच्या नाट्यमहोत्सवाचा संयोजक मल्लिकार्जुन अशा मसाल्याची वाटच बघत होता. त्यानं दोघांना एकाच संध्याकाळी, एकाच मंचावर बोलावलं. प्रसंग एकच, लेकीच्या मरणाचा. आधी एकानं करायचा, मग दुसऱ्यानं, आणि भारी कोण ते लोकांनी ठरवायचं. प्रीतमचा निरोप आला, 'येतो. दादांसमोर करायला मिळेल.' आनंदराजला त्यातही आगाऊपणा दिसला.

आता खरी गोम अशी की आनंदराजनं सिनेमा पाहिलाच नव्हता. मोबाईलवरचा तेवढा तुकडा, तोही दात ओठ खात. महामायेनं मात्र बहिणीबरोबर जाऊन पाहिला होता. ती नवऱ्याच्या गाण्याला पहिल्या प्रयोगापासून पेटीची साथ करायची. नवऱ्याचा सूर कुठं घसरतो हे त्याच्या आधी तिला कळायचं, आणि तसं ती तोंडावर सांगायची.

लातूरची एसटी अहमदपूरच्या पुढे आली तेव्हा आनंदराजला राहवेना.

"तू बघितलास ना पिच्चर?"

"हाव."

"मग? कोन भारी?"

महामाया खिडकीबाहेर बघत राहिली. "आवं, आधी तुमी बघा. मग इचारा."

"म्हंजे तो भारी."

"मी असं म्हनले का?"

"न्हाई म्हनलीस, म्हनूनच इचारून राहिलो."

प्रीतम वाईट असता तर ही बाई नांदेड सोडायच्या आधीच बोलली असती, हे आनंदराजला पक्कं ठाऊक होतं.

लातुरात एका टॉकीजला दुपारचा एकच खेळ उरला होता. महामायेनं त्याला ओढतच नेलं. तो हाताची घडी घालून बसला, उणीदुणी काढायच्या पूर्ण तयारीनं. पटका चुकीचा बांधलेला. ज्वारी फारच स्वच्छ, मोंढ्यात अशी ज्वारी कधी असते का! आणि गळा? गळा तर नव्हताच. गाण्यातले निम्मे शब्द प्रीतम पुटपुटत होता. आनंदराज खुशीत येऊन बायकोच्या कानाला लागला, "गळा न्हाई पोराला."

"हूं," महामाया म्हणाली.

मग पहिला आडत्या मेला. प्रीतम त्याच्या उशाशी बसला, माप भरलं आणि म्हणाला, 'लाभ'.

आनंदराज सावरून बसला. लाभच म्हणाला की हा! चांगला स्वच्छ, निलंग्याच्या वळणाचा लाभ. दुसऱ्या आडत्यापुढेही लाभ. तिसऱ्यापुढे तर गुळाचा खडा चघळावा तसा तो शब्द त्यानं तोंडात घोळवला. मोबाईलवर फिरणाऱ्या तुकड्यात यातलं काही नव्हतं.

मग लेक. प्रीतमनं माप भरलं, वरची रास हातानं सपाट करून ते उपडं केलं. तोंड उघडलं. कॅमेरा इतका जवळ होता की टाळ्याला लागलेली जीभ दिसत होती. 'ल' म्हणायला गेलेली जीभ. ती तिथंच राहिली. मग त्यानं तोंड मिटलं, आवंढा गिळला, आणि ना सूर ना ताल, नुसतं म्हणाला, 'एक'.

आनंदराजची हाताची घडी सुटली. पोराला येत नव्हतं असं नव्हतंच. लेकीच्या मुडद्यापुढे तो शब्द बापाच्या तोंडातून निघत नव्हता. जन्मभर जो आकडा मापाड्यानं उच्चारला नाही, तेवढाच त्याच्यापाशी उरला होता.

दिवे लागले, लोक उठले. हे दोघं बसूनच होते.

"त्यानं चूक केली न्हाई," आनंदराज म्हणाला.

"न्हाई."

"मग सांगितलंस कामून न्हाई?"

"तुमी ऐकलं असतं?"

ऐकलं नसतं. भांडला असता, पेटी दुसऱ्याला देतो म्हणाला असता. आनंदराजनं कपाळाला हात लावला. "मायला, अकरा वर्षं मी लेकीपुढं लाभ म्हनून टाळ्या घेऊन राहिलो. आन् कुनी मला हटकलं न्हाई."

संध्याकाळी नाट्यगृह खच्चून भरलं होतं. मोंढ्यातले आडते, हमाल, दिवाणजी, कुणी म्हणून घरी राहिलं नव्हतं. पडदा पडलेला असतानाच पोरं ओरडत होती, "लाभ! लाभ!" यांतल्या बहुतेकांनी सिनेमा पाहिला नव्हता, 'एक'ची मजा मात्र सगळ्यांनी घेतली होती. आज निलंग्याच्या पोराची समोरासमोर जिरणार म्हणून मंडळी आली होती.

विंगेत प्रीतम भेटला. पडद्यावर दिसतो त्याहून बारीक. "जय भीम, दादा," तो म्हणाला. "मला लई भीती वाटून राहिली. सिनेमात कॅमेराच आपल्याजवळ येतो. इथं आपल्यालाच लोकांपर्यंत जावं लागतं."

"जमतंय," एवढंच आनंदराज म्हणाला.

वडीलकीचा मान म्हणून त्याला पहिली पाळी दिली होती. पेटी लावता लावता महामायेनं विचारलं, "काय करनार?"

"करतो तेच. वरचा सा धर."

आणि हे तो मनापासून म्हणाला होता. त्याच्या बाजूनं एवढं सांगितलंच पाहिजे.

पडदा वर गेला. आनंदराज गाऊ लागला आणि गाता गाता त्याच्या लक्षात आलं की गळा आज नेहमीसारखा हातात नाही. समोर लेकीचं काम करणारी मुलगी डोळे मिटून पडली होती. रोजचीच मुलगी. आज तिच्याकडे बघवेना. त्यानं माप भरलं. सभागृहातल्या पोरांनी ओरडायला छाती भरून घेतली. महामायेनं वरचा सा धरला. आनंदराजची जीभ टाळ्याला लागली, आणि लागली ती लागलीच. त्यानं जोर केला. 'लाभ' येईना. नक्कल करायची म्हणून तो थांबला नव्हता. त्याला खरोखरच म्हणता येत नव्हतं.

इथं चेहरा मोठा करून दाखवायला कुणी नव्हतं. पुटपुटून भागणार नव्हतं, शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे होतं. त्यानं श्वास खाली घेतला आणि पार खर्जातून, भरल्या गळ्यानं म्हटलं,

"एऽऽक."

महामायेची बोटं पेटीवरून उचलली गेली. इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदाच सुरावाचून सोडलं. तो खर्ज एकटाच सभागृहभर पसरत गेला.

मागून कुणी तरी ओरडलं, "अय, लाभ म्हन—" आणि मधेच गप्प झालं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग टाळ्या आल्या, अख्खं सभागृह उभं राहिलं. पण वन्समोअर काही कुणी मागितला नाही.

मल्लिकार्जुन माईक घेऊन धावतच मंचावर आला. "ह्याला म्हणतात रंगभूमी! सिनेमावाल्यांनी 'एक' चुकून म्हटला. आमच्या आनंददादांनी त्या चुकीचं सोनं केलं! आता प्रीतमनं करायला काय शिल्लक ठेवलं, सांगा!"

सभागृह खदखदून हसलं. आनंदराजनं विंगेकडे पाहिलं. प्रीतम पटका बांधून तयार उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. त्याच्याजवळ एवढा एकच शब्द होता आणि तो त्याच्या पाळीआधीच खर्च झाला होता. आता तो येऊन 'एक' म्हणाला असता, तर लोकांनी त्यालाच नक्कलखोर ठरवलं असतं. पण त्यानं तक्रारीचा हातसुद्धा वर केला नाही.

आनंदराजला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं नमस्कार करून आत जायचं होतं. वर्तमानपत्रातला शब्द राहिला असता, भूमिका राहिली असती, लातूरकरांनी डोक्यावर घेऊन नाचवलं असतं. आणि आता तर ती भूमिका त्याला सोडवतच नव्हती. त्यानं महामायेकडे पाहिलं. ती पेटीच्या भात्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

त्यानं मल्लिकार्जुनच्या हातातून माईक घेतला.

"मी आज दुपारी पिच्चर बघितला," तो म्हणाला. "आधी बघितलाच नव्हता. न बघता पेपरात बोललो. पयल्या तिघांपुढं प्रीतम लाभच म्हनतो. लेकीपुढं त्याला म्हनवत न्हाई, म्हनून एक म्हनतो. चूक न्हाई ती. तुमी आत्ता ज्याला टाळ्या वाजवल्या, तो एक त्याचा हाय. मी त्याच्याआधी येऊन वापरला."

मल्लिकार्जुन माईक परत घ्यायला पुढे सरला; आनंदराजनं तो सोडला नाही.

"तो माझ्याहून भारी हाय. मी शब्द दिला होता. आजपासून मापाडी सोडला."

"न्हाई! न्हाई!" लोक ओरडू लागले. काही जण चिडून उठले. शिट्ट्याही वाजल्या, कौतुकाच्या नव्हेत. मल्लिकार्जुननं माईकवर पंजा दाबला. "येडं लागलं का दादा? लोकांनी तुमाला निवडलंय."

"लोकांनी पिच्चर कुठं बघितलाय?" आनंदराज म्हणाला आणि विंगेत गेला.

प्रीतमनं त्याचा दंड धरला. "दादा, असं नका करू. माझा एक फक्त कॅमेऱ्याला ऐकू आला होता. तुमच्यावानी शेवटच्या रांगेपर्यंत मला नेता येनार न्हाई."

"नेता येतो," आनंदराज म्हणाला. "खर्जात लाव. आन् जीभ 'ल'वर जाती ना, तिथं जरा जास्त थांब. मागच्यांना जीभ दिसत न्हाई, थांबलेलं दिसतं."

त्यानं हातातलं माप प्रीतमला दिलं आणि तो पडद्याच्या आडोशाला उभा राहिला. त्याला रडू आलं, आणि ते पुसायचं भान त्याला नव्हतं. अकरा वर्षं केलेली भूमिका त्याला आज कळली होती, आणि कळल्यावर ती एकदाच करायला मिळाली होती.

मंचावर प्रीतम लेकीपुढे बसला. महामायेनं क्षणभर विंगेकडे बघितलं. आनंदराजनं मान हलवली, आणि तिनं त्या पोराच्या गळ्याला झेपेल असा खालचा सूर धरला.