चिन्नोरची मूठ

मला राग लवकर येतो आणि उतरायला वेळ लागतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कोणी मला साध्वी समजायला नको. रविवारी चर्चमध्ये मी महिला मंडळाबरोबर गाते, तेव्हा लोकांना वाटतं काय शांत बाई आहे. घरी कशी आहे ते माझ्या पोरीला, डिंपलला विचारा. "मम्मीले काही मागायचं असन तर प्रार्थनेनंतर पाच मिनिटांत मागा, मंग टाइम निघून जाते," असं ती मोहल्लाभर सांगत फिरते. कार्टी बारावीला आहे, पण जीभ माझीच घेऊन आली.

आम्ही मुर्रीला राहतो, गोंदियाच्या अगदी काठावर. माझा नवरा लोकेश शाळेची व्हॅन चालवतो. लग्न आमच्या मनाचं. मी ख्रिस्ती घरातली, माझी आई शांतीबाई मिशनच्या दवाखान्यात दाई होती. लोकेश चिचगडचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्याची माय सुमनबाई लग्नाच्या वेळी रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुले करायचं ते कर. मी त्या घरचा भात खाणार नाही."

आणि नाही खाल्ला, बापा! एकोणीस वर्षं नाही खाल्ला. डिंपल झाली तेव्हा आली, नातीला मांडीवर घेऊन दिवसभर बसली, सोबत आणलेले फुटाणे खाल्ले आणि संध्याकाळच्या बसनं परत गेली. भांडण नाही, टोमणा नाही, फक्त भात नाही. आमच्या धानाच्या मुलखात भात खाल्ला नाही म्हणजे माणूस जेवलाच नाही. दर वेळी ती गेली की मी भांडी आपटायची आणि लोकेश गुपचूप व्हॅन धुवायला बाहेर जायचा.

या डिसेंबरात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. डाव्यानंही तिला अंधुकच दिसायचं. ऑपरेशन गोंदियाला. थोरले दीर शालिकराम मळणीत अडकलेले. डोळ्यात दिवसातून चारदा औषध टाकायचं, आठवड्यानं परत दाखवायचं, म्हणजे पंधरा दिवस तरी आमच्याकडेच राहायला हवं. ती आली ती घरच्या चिन्नोर तांदळाची थैली, भाताचं स्वतःचं पितळी पातेलं, आमच्याकडे गंज म्हणतात ते, आणि एक छोटी सिगडी घेऊन. माझ्याच व्हरांड्यात स्वतःचा भात शिजवायचा बेत होता तिचा. मी म्हटलं, वा! पाहुणी आली आणि सोबत हॉटेलही घेऊन आली.

पण ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरनं बेत मोडला. धूर नको, आगीजवळ जायचं नाही, खाली वाकायचं नाही. दोन दिवस तिनं केळी, मुरमुरे आणि लोकेशनं केलेला चहा यावर काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेतली आणि खाटेवरून उठताना चक्कर येऊन तिथंच बसली. मग मात्र माझं डोकं सटकलं.

"आई, उपाशीपोटी औषध घेऊन मरायचं असेल तर चिचगडला जाऊन मरा जी! माझ्या दारात नाही!"

लोकेशचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. सासूनं हिरव्या पट्टीखालून माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं आणि म्हणाली, "तांदूळ माये. गंज माया. शिजव तू."

एवढंच. पण एकोणीस वर्षांनी एवढं म्हणजे काही कमी नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या गॅसवर दोन भात शिजायला लागले. एका बाजूला आमचा कुकर, दुसऱ्या बाजूला तिचा गंज. ती दूधभात खायची, नाहीतर गावाहून आणलेलं लोणचं घ्यायची. माझ्या वरणाला हात लावायची नाही. मी मनातल्या मनात धुमसत राहायची. तिचा डोळा मी पुसायचा, औषध मी टाकायचं, भात मी शिजवायचा, आणि तांदूळ मात्र माझा बाटलेला!

आता मुठीचं सांगते. आमच्या चर्चमधल्या बायांची जुनी रीत आहे. भात टाकताना तांदूळ धुवायच्या आधी त्यातली एक मूठ काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. ती देवाची. रविवारी सगळ्या बाया आपापल्या डब्यातला तांदूळ चर्चमध्ये नेऊन एका टोपलीत ओततात आणि ज्या घरी चूल अडली असेल त्या घरी तो जातो. माझ्या आईनं मला सात वर्षांची असताना ही मूठ शिकवली. मूठ टाकताना एका गोष्टीसाठी देवाचे उपकार मानायचे, आणि तेही तोंडानं, मोठ्यानं. "मनातल्या मनात म्हटलं की मन भलतीकडं जाते," असं ती म्हणायची. तिचाच बिस्किटाचा पत्र्याचा डबा अजून माझ्याकडे आहे. चाळीस वर्षांची झाले, पण मूठ चुकली नाही. डिंपलच्या टायफॉइडमध्येही नाही, लोकेशचं काम सुटलं तेव्हाही नाही. खरं सांगू, आता हात आपोआप जातो. घराला कुलूप लावलं की नाही हे जसं नंतर आठवत नाही, तसंच मूठ टाकल्याचंही मला आठवत नाही.

शनिवारी दुपारी डिंपलनं तो डबा दुसऱ्या दिवसासाठी पिशवीत ओतला आणि हाक मारली, "मम्मी, इकडे ये. हे पाहा ना."

आमचा तांदूळ जाडा. पिशवीत त्या जाड्या दाण्यांमध्ये बारीक, जिऱ्यासारखे दाणे मिसळलेले होते. वास तर पिशवी उघडताच आला. चिन्नोर.

कळलं सगळं. सासूचा गंज समोर घेतला, तिच्या थैलीतला तांदूळ काढला, आणि माझ्या मेल्या हातानं सवयीनं त्यातलीही मूठ डब्यात टाकली. एक वेळ नाही. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस! जी बाई आमच्या घरच्या भाताला शिवत नाही, तिचाच तांदूळ मी तिला न विचारता येशूला वाहून मोकळी झाले होते.

"आजीले कायले सांगते?" डिंपल हळूच म्हणाली. "तिले कुठं दिसून राहिलं?"

लोकेश आला, त्यानं पिशवीत पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "अल्का, हात जोडतो, बोलू नको. माय आत्ताच्या आत्ता चिचगडची गाडी धरन. अजून आठ दिवस औषध टाकायचं आहे. तिकडं धूळ, धूर, कोण पाहणार? डोळा जाईन तिचा."

खोटं नव्हतं ते. सुमनबाई बोलल्याप्रमाणे वागणारी बाई. एकदा उठून गेली असती तर डोळाही गेला असता आणि तीही परत माझ्या दारात आली नसती. आणि गावभर झालं असतं ते वेगळंच, सुनेनं भुलवून म्हातारीचा तांदूळ चर्चला दिला. मी पिशवीकडे पाहत बसले. दाणे वेगळे करायला गेले असते तर ईस्टर उजाडला असता. चूप राहावं तर उद्या तीच पिशवी घेऊन देवासमोर उभं राहायचं होतं. दुसऱ्याच्या थैलीतलं न विचारता उचलायचं आणि वर उपकार मानायचे, एवढं निगरगट्ट मला होता येईना. तिच्यावर मला राग होता, हो, भरपूर होता. पण राग आहे म्हणून चोरी माफ होते असं कुठं आहे?

चार वाजता औषधाची वेळ होती. सासू अंगणात खाटेवर उन्हाला पडली होती. पट्टी निघाली होती, काळा चष्मा लागला होता. चष्मा काढून मी डोळ्यात थेंब टाकला. थेंब टाकल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं, हलायचं नाही, हे डॉक्टरनं तिला दम देऊन सांगितलं होतं. मी तीच पाच मिनिटं धरली. म्हटलं, निदान पाच मिनिटं तरी उठून जाणार नाही.

"आई, माझ्याकडून चूक झाली जी," मी म्हटलं, आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. मूठ काय असते, डबा कुठं आहे, तिचा तांदूळ त्यात कसा गेला. "मुद्दाम नाही केलं. तुमचा तांदूळ मी भरून देते, शालिक भाऊजींकडून मागवते. पण उठून जाऊ नका. डोळ्यासाठी तरी राहा."

ती हलली नाही. मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून औषध ओघळलं, ते मी पुसलं.

"कोण खाते ते तांदूळ?" तिनं विचारलं.

"या महिन्यात केशोराव म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांना जाते. रिक्षा चालवत होते, आता अर्धं अंग गेलं."

"किरिस्ताव हाय?"

"नाही जी. आपल्या गल्लीच्या मागं राहतात."

"हं." ती म्हणाली, "मले मालूम हाय."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून मालूम हाय. डोया बांधला होता, कान नाही बांधले. तुया रांधणीत डबा वाजते तो इथवर आयकू येते. पहिल्यांदा मले वाटलं, ही मायेच तांदूळ मले न सांगता काढून राहिली. म्हटलं, पाहू दे किती काढते. मंग तू बोलली ते आयकलं."

"मी? काय बोलले मी?"

"आता मलेच विचारते! 'सुमनबाईचा डोळा वाचला, प्रभू, तुझे उपकार.' रोज दोन टाइम. सासूचं नाव घेते, लाज नाही तुले."

खरंच सांगते, मला यातलं काही आठवत नव्हतं. मला एवढंच आठवत होतं की त्या गंजासमोर उभी राहून मी रोज धुमसत होते, कधी एकदाचे पंधरा दिवस संपतात असं म्हणत होते. आणि माझ्याच तोंडानं मला न विचारता तिच्यासाठी उपकार मानले होते. आईनं लावलेली सवय माझ्यापेक्षा चांगली निघाली. मी पदर तोंडाला लावला आणि रडले.

"मंग तुम्ही बोलल्या काऊन नाही जी?" मी कसंबसं विचारलं.

पाच मिनिटं झाली असतील, पण ती डोळे मिटूनच पडली होती.

"आयकायचं होतं मले," ती म्हणाली. "घरी मले कोणी आजी म्हणते, कोणी शालिकची माय म्हणते, कोणी म्हातारी. सुमन म्हणणारे सारे गेले. इथं कोणी रोज नाव घेऊन राहिलं, तेही देवापुढं. बोलली असती तर बंद केलं असतं तू."

मी तिचा हात धरला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, औषधाचं काही काम नसताना. तिनं तो सोडवून घेतला नाही. व्हरांड्यात डिंपल आणि लोकेश दाराला चिकटून उभे होते. दोघांनाही वाटलं असेल की मला दिसत नाहीत.

दिवे लागले तशी मी भात टाकायला उठले. एका शेगडीवर कुकर ठेवला, दुसऱ्या शेगडीवर तिचा गंज ठेवला. तेवढ्यात ती भिंतीला हात लावत आत आली, काळा चष्मा घालूनच, आणि दारात थांबली.

"दोन चुली कायले पेटवून राहिली? गॅस काय फुकट येते?"

मी गंजाखालची शेगडी बंद केली.

"ते थैली ओत तुया कोठीत. एकच भात टाक. वरण कशाचं हाय?"

"तुरीचं," मी म्हटलं.

"पातळ नको करू. लोकेश म्हणते तू पातळ करते."

हे बघा, म्हणजे एवढी वर्षं माझ्या वरणाची चौकशीही चालू होती! दुसरा दिवस असता तर मी लोकेशला तिथंच धरला असता. पण मी मुकाट्यानं चिन्नोरची थैली आमच्या जाड्या तांदळात उपडी केली, हातानं वर-खाली केली, आणि पाच जणांना पुरेल एवढा तांदूळ काढला. चौघंच होतो, पण माप चुकलं. मग मूठ भरली आणि आईच्या डब्यावर हात नेला. या वेळी मला पूर्ण भान होतं. काय म्हणावं तेवढंच सुचत नव्हतं, कारण म्हणण्यासारखं इतकं होतं.

सासू दारातच उभी होती.

"डोयाचं नको घेऊ आता, डोया झाला बरा," ती म्हणाली. "गुडघ्याचं घे. नाव लावून घे."