काटा चारवरच होता

मित्रांनो, मी गुरांच्या दवाखान्यातला जुना फ्रिज आहे. माझ्या पोटात कधी दूध-भाजी राहिली नाही. राहिल्या त्या लसीच्या बाटल्या. कारखान्यात माझ्या दाराला जाड रबर बसवले, आत तापमान दाखवणारा काटा लावला आणि मला इकडे धाडले. लस दोन ते आठ अंशांत राहिली तरच कामाची, नाहीतर नुसते पाणी. वीस वर्षे मी हे काम चोख केले. तपासणीला येणारे साहेब माझे कौतुक करून जात, आणि मीही थोडा फुशारलो होतो.

माझी निगा आक्का राखत. आक्का म्हणजे दवाखान्याच्या शिपाईबाई. झाडलोट करायची, सुई टोचताना जनावर धरायचे आणि सकाळ-संध्याकाळ माझा काटा पाहून आकडा तक्त्यावर लिहायचा, ही त्यांची कामे.

पुढे माझे रबर सैल पडले. डॉक्टरांनी दुरुस्तीसाठी दोनदा पत्र लिहिले. उत्तर आले नाही. त्या वर्षी पाऊसही आला नाही. विहिरी तळाला गेल्या आणि चारा छावणीत दाटीवाटीने बांधलेल्या गुरांत साथ शिरली. सरकारने तातडीचा निधी दिला. चाऱ्याच्या गाड्या आल्या, पाण्याचे टँकर आले, लसही आली. डॉक्टरांनी पुन्हा माझ्या रबराचा विषय काढला, तेव्हा निधी लसीसाठी आणि चाऱ्यासाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही, असे त्यांना कळवण्यात आले. म्हैस दिली, पण ती बांधायच्या दाव्याची तरतूद नाही, असला तो प्रकार.

त्याच आठवड्यात दीड दिवस वीज गेली. सैल रबरातून माझा सगळा गारवा निघून गेला, बाटल्या कोमट झाल्या. आणि मित्रांनो, माझा गुन्हा इथेच घडला. माझा काटा अडकला होता. आत उकडत असताना तो चारवर ठाम उभा होता. मी धडधडीत खोटे बोलत होतो.

संध्याकाळी आक्कांनी दार उघडून एका बाटलीला हात लावला. त्या थबकल्या. काट्याकडे पाहिले, पुन्हा बाटली चाचपली. छावणीवर निघालेल्या डॉक्टरांनी दारातूनच आकडा विचारला.

"चार," आक्का म्हणाल्या, आणि तक्त्यावरही चारच लिहिले.

रात्रीतून वीज आली. सकाळपर्यंत बाटल्या पुन्हा गार झाल्या, पण लस मेलेली होती. डॉक्टरांनी ती विश्वासाने छावणीतल्या गुरांना टोचली.

तीन आठवड्यांत एकोणीस जनावरे दगावली. त्यात एका गवळ्याच्या दोन गाई होत्या, आणि त्याच्याकडे होत्या त्याच दोन. चौकशीला साहेब आले. तक्ता स्वच्छ होता. मालकांनीच आजारी जनावरे लपवली असणार, तेव्हा भरपाई देता येणार नाही, असे ते लिहू लागले. गवळी खाली मान घालून उभा होता. आक्का ओले हात पदराला पुसत पुढे आल्या.

"साहेब, कागदावर चार आहे. पण वीज गेली त्या दिवशी बाटली माझ्या हाताला गार लागली नव्हती."

तेव्हाच का सांगितले नाही, असे साहेबांनी विचारले.

"काट्यापुढं माझ्या हाताला कोण विचारतंय, असं वाटलं. चुकलं माझं."

साहेबांनी माझी वीज काही वेळ बंद करून माझ्या आत दुसरा तापमापक ठेवायला लावला. त्याने चौदा दाखवले, मी चार. माझे खोटे सर्वांसमोर उघडे पडले. मग त्याच निधीतून बर्फाच्या पेटीत नवी लस आली, उरलेली गुरे वाचली, भरपाईही मंजूर झाली. आक्कांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी निमूटपणे घेतली.

काही महिन्यांनी गवळी नवी गाय तपासायला घेऊन आला. आक्कांनीच ती धरली. जाताना तो म्हणाला, "तुम्ही खरं बोललात म्हणून ही आली, आक्का. त्याच दिवशी बोलला असतात, तर माझ्या त्या दोघी असत्या."

गाय फाटकाबाहेर जाईपर्यंत आक्का तिच्याकडे पाहत राहिल्या.

आता मी मागच्या ओसरीत असतो. माझ्यात दोरखंड आणि फिनेलच्या बाटल्या ठेवतात. मित्रांनो, यंत्रांचे रबर वेळेवर बदला, त्यांचे काटे तपासा, एवढी माझी विनंती आहे. आणि काटा एक सांगत असेल अन् तुमचा हात दुसरेच, तर त्याच क्षणी बोला. मला तोंड नव्हते, तुम्हाला आहे.