जागत्यांची आळी

"ही जागत्यांची आळी कुठे आहे, ते एकदा मला दाखवाच," असं म्हणत व्हॉल्व्हवाल्याने नकाशा माझ्या टेबलावर आपटला. "दोन तास विचारत फिरतोय. एक म्हातारा म्हणाला, जुनं नाव असेल. दुसऱ्याने तर मला थेट आपल्या मेहुण्याच्या घरी नेऊन सोडलं."

मी पाणीपुरवठा कार्यालयाचा हेडक्लार्क. बावीस वर्षं या खुर्चीत काढली, ती कुणावरही विश्वास न ठेवता. लोक मला संशयी म्हणतात. म्हणू देत. मी नकाशाची प्रत उलगडली. चिन्हं आमचीच, निळी रेघ म्हणजे नळ, भरीव गोल म्हणजे व्हॉल्व्ह. पण जागत्यांच्या आळीच्या टोकाला एक टाकी होती आणि तिच्याखाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'अग्निसर्पांसाठी राखीव'.

अक्षर नकाशेबाईंचं होतं. त्या आमच्या आरेखक. तीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला दीड महिना उरलेला. लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीबरोबर राहतात. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. अशा माणसांवरच नजर ठेवावी लागते, असं माझं मत आहे.

आणि मी ठेवलीच होती. दर शनिवारी बाई रद्द झालेल्या नकाशांची एक गुंडाळी घरी न्यायच्या. रद्दी न्यायला परवानगी होती, पण दोन बायकांच्या घरात एवढा कागद लागतो कशाला? त्यात एकदा डब्याच्या सुट्टीत मी त्यांना दाराआड फोनवर बोलताना ऐकलं. "नाही, राणीला विष द्यायचं नाही. मी आधीच सांगितलंय. उत्तरेची फौज बुधवारपर्यंत खिंडीत अडकवून ठेव, मी घरी आले की बघू." मी विचार करकरून अर्थ लावला. राणी म्हणजे मुख्य वाहिनी. फौज म्हणजे टँकर. शहरातले नळ कुठून कुठे जातात हे कळलं की पाणी गुपचूप कुठून ओढायचं तेही कळतं. बाई नकाशे विकत होत्या!

साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "नुसतं नाक खुपसू नका, पुरावा आणा."

सेवापुस्तकातून पत्ता काढला आणि संध्याकाळी पाच वाजता बाईंच्या दारात उभा राहिलो. दार चार बोटं उघडलं. आतली साखळी तशीच.

"कोण?"

"ऑफिसातून आलोय. बाई आहेत?"

"दुकानात गेलीय. काय काम होतं?"

"काही नाही, सहज."

"सहज कुणी येत नसतं," बहीण म्हणाली आणि फटीतून मला नखशिखान्त न्याहाळलं. "तुम्ही ते हेडक्लार्क ना? डबा उघडायच्या आधी मागे वळून बघणारे?"

आयुष्यात पहिल्यांदा मला तोडीस तोड माणूस भेटलं. पायरीवर दहा मिनिटं जबानी झाली, तेव्हा कुठे साखळी निघाली.

एकच मोठी खोली. शिवणयंत्र, औषधांच्या पाकिटांचा डबा, दोन खाटा. आणि चारी भिंतींवर, कपाटाच्या दारांवर, पंख्याजवळच्या छतापर्यंत नकाशे. डोंगर, नद्या, बंदरं, तटबंद्या. पंख असलेले साप. प्रत्येक गावाला नाव, प्रत्येक नदीला उगम, प्रत्येक वाड्याला नळ.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"नभांतर," ती म्हणाली. जणू शेजारचा तालुकाच. "ती भूगोल बघते, मी इतिहास." तिने कपाटातून जाडजूड वह्या काढल्या. राजांच्या वंशावळी, तह, लढाया. "ती बारा वर्षांची होती, मी चौदा. आई आजारी होती, आणि आवाज करायचा नाही अशी आम्हाला ताकीद. मग बसल्या बसल्या देश काढला. अजून चालूच आहे. राणीला विष द्यायचं माझ्या मनात होतं, पण ती ऐकत नाही."

"म्हणजे हे सगळं खोटं?"

"चहा टाकणार होते," बहीण म्हणाली. "आता नाही टाकत."

तरीही माझी खात्री पटेना. मी बेशरमासारखा एकेक गुंडाळी उलटून पाहिली. पाठीमागे आमचेच रद्द नकाशे होते, केव्हाच उपटून टाकलेल्या नळांचे. फुकट दिले तरी कुणी घेतले नसते. बाई पिशवी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मी त्यांच्या देशाच्या मधोमध गुडघे टेकून बसलो होतो. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या गुडघ्याखालचा नकाशा हलकेच ओढून घेतला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांनाही बोलावलं. चूक कशी झाली, त्याचा उलगडा झाला होता. बाई जेवणाच्या सुट्टीत नभांतरच्या राजधानीचा कागद टेबलावर घेऊन बसायच्या. तो ऑफिसच्या नकाशांच्या गठ्ठ्यात सरकला आणि त्याची प्रत निघाली. त्या प्रतीवर माझा शिक्का होता, 'तपासले'.

"हे तुम्ही तपासलंत?" साहेबांनी मला विचारलं.

मला आठवलं. त्या दिवशी शिक्के मारताना माझी नजर बाईंच्या पिशवीवर होती. "चूक माझी," मी म्हणालो.

साहेब तसे वाईट नव्हते. बाईंसाठी त्यांनी खुलासा टाइप करून ठेवला होता. 'सदर कागद हे निरर्थक रेखाटन असून ते नजरचुकीने गठ्ठ्यात मिसळले.' "सही करा, विषय संपला. दीड महिन्याने थाटात निरोप घ्या," ते म्हणाले.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "नजरचुकीने, हे खरं आहे. 'निरर्थक' तेवढं काढा."

"अहो बाई, एक शब्द आहे."

"साहेब, तीस वर्षं मी इथे कुणाला याबद्दल बोलले नाही. हसतील म्हणून. घरी पाहुणे यायचे तेव्हा आम्ही दोघी भिंतींवर चादरी टांगायचो. भावाच्या मुली 'भिंतीला चादर कशाला?' म्हणून विचारायच्या आणि मी ओल आली आहे म्हणून सांगायचे. आता पुरे झालं. हे निरर्थक आहे, असं मी सही करून देणार नाही."

"मग तुम्हीच लिहा काय ते," साहेब वैतागून म्हणाले.

बाईंनी तिथेच उभ्याने लिहिलं. 'सदर नकाशा नभांतर राज्याच्या राजधानीचा आहे. राज्य काल्पनिक आहे. नकाशा अचूक आहे. तो चुकून गठ्ठ्यात मिसळला, ही चूक माझी.'

साहेबांना ती थट्टा वाटली. दोघांच्याही सेवापुस्तकात शेरा बसला. बाईंचा निरोप समारंभ रद्द झाला. मूळ कागद पुरावा म्हणून फाइलला लागला. त्यावर मात्र बाई टेबलाजवळ आल्या. "शेरा राहू दे. कागद तेवढा द्या. अकरा वर्षं लागली आहेत." फाइलचा कागद दहा वर्षं बाहेर जात नाही, हा नियम मीच त्यांना वाचून दाखवला. ते काम माझंच होतं.

उरलेला दीड महिना बाईंनी खुर्चीमागे नभांतराचा दुसरा नकाशा सरळ टाचून ठेवला. लोक हसायला आले आणि प्रश्न विचारत बसले. "बाई, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" व्हॉल्व्हवाल्याने विचारलं. "चोवीस तास," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे हेडक्लार्क नाही." सगळे हसले. थोड्या वेळाने मीही हसलो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच मंगळवारी बाई आणि त्यांची बहीण अर्ज घेऊन हजर. फाइल पाहण्यासाठी. कुणालाही पाहता येते. फक्त सोबत पेन्सिलच हवी, आणि कागदाला हात लागू नये म्हणून समोर कर्मचारी बसवावा लागतो. मी बसलो. झेरॉक्समध्ये पेन्सिलीचे डोंगर उठत नव्हते, म्हणून बाई कोऱ्या कागदावर राजधानी हाताने उतरवू लागल्या. बहीण शेजारी वही घेऊन बसायची आणि अधूनमधून माझ्याकडे संशयाने बघायची.

चौथ्या मंगळवारी बाई नदीपाशी थांबल्या.

"इथे पूल हवा होता गं," त्या बहिणीला म्हणाल्या. "अकरा वर्षं लोक नावेतून ये-जा करतायत. माझ्या लक्षातच आलं नाही."

"नव्या कागदावर काढा की," मी म्हणालो.

"काढीनच. पण राजधानी ही आहे." त्यांनी फाइलमधल्या कागदाकडे पाहिलं.

पुराव्याच्या कागदावर एक रेघ ओढली गेली असती, तर माझी नोकरी गेली असती. बाईंना ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांनी काही मागितलं नाही. पेन्सिल हातात धरून नुसत्या नदीकडे बघत राहिल्या.

मी खुर्ची फिरवली आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. खाली आवारात कुणीतरी आपली स्कूटर पुसत होतं. पाठीमागे पेन्सिल चालू झाली. बराच वेळ चालली.

"झालं का?" मी मागे न बघता विचारलं.

"कठडे राहिलेत," बहीण म्हणाली.

मी स्कूटरकडे बघत राहिलो.