अंगावरची उसनी लव

मित्रांनो, मी टेनिसचा एक जुना चेंडू आहे. मला शोधायला आलात तर वर बघू नका, खाली बघा. तिसरीच्या वर्गात, खिडकीजवळच्या रांगेत, पेरिना नावाच्या मुलीची खुर्ची आहे. त्या खुर्चीचा मागचा डावा पाय माझ्या पोटात खुपसलेला आहे. इथून मला फरशी दिसते, मुलांचे बूट दिसतात आणि मधल्या सुट्टीनंतर पावाचा चुरा दिसतो. उरलेल्या तीन पायांना आणखी तीन चेंडू आहेत. ते हातभर अंतरावर आहेत, पण आमची कधी गाठ पडत नाही.

मी जन्मलो एका कारखान्यात. रबराच्या दोन वाट्या तापलेल्या साच्यात एकमेकींवर दाबल्या आणि मध्ये हवा कोंडली. मग वरून पिवळ्या लवेचे दोन तुकडे चिकटवले. आम्हा चौघांना एका डब्यात घालून झाकण घट्ट लावले. आत अंधार होता, पण शेजार होता. पुढच्या आयुष्यात तसा शेजार मला मिळाला नाही.

स्प्लिट शहरात, समुद्राला लागून असलेल्या एका टेनिस क्लबात तो डबा उघडला. फुस्स असा आवाज झाला आणि एका खेळाडूने मला नाकाशी धरून माझा वास घेतला. "काय उसळतोय बघ!" असे तो म्हणाला, तेव्हा मला आभाळ ठेंगणे झाले. पण त्या खेळात चेंडूचे असे कोणी नसते. मी दोन्ही बाजूंना हवा असतो आणि दोघांतला एकही मला ठेवून घेत नाही. आला की टोलवला. तरी ते दिवस मजेचे होते, कारण सगळ्यांचे डोळे माझ्यावर असत.

मात्र चेंडूचे तारुण्य फार थोडे असते. काही सामन्यांनंतर माझी उसळी कमी झाली. मला सरावाच्या टोपलीत टाकले, आणि तिथूनही काढून कुंपणाशी ठेवलेल्या बादलीत टाकले. माझे तीन सोबती कधीच पांगले होते. बादलीत चेंडू पुष्कळ होते, पण सगळे आपापल्या दुःखात. सबंध हिवाळा उत्तरेचा वारा आमच्यावरून गेला आणि एकाही माणसाने आत हात घातला नाही.

कुंपणापलीकडून किनाऱ्यावरचे हसणे मात्र रोज ऐकू येई. मित्रांनो, आमच्या गावात जुन्या चेंडूला दोनच वाटा असतात, एक कचऱ्याची आणि दुसरी समुद्राची. किनाऱ्याजवळ पाणी लांबवर पोटरीइतकेच खोल आहे, आणि तिथे माणसे पिचिगिन खेळतात. पाच जण गोल करून पाण्यात उभे राहतात आणि तळहाताने चेंडू उडवत राहतात. तो पाण्यात पडू द्यायचा नाही, एवढेच. त्या खेळात कोणी जिंकत नाही की हरत नाही. त्याला चेंडू लागतो तो सोललेला, कारण लव पाणी पिऊन जड होते. चेंडू पडू नये म्हणून तिथे पिकल्या केसांची माणसेही खुशाल पोटावर उडी घेतात! मला तर सगळ्यांनी टोलवलेच होते. पडू नये म्हणून कोणी आपल्याला असे जपावे, हे स्वप्न मी बादलीत पडल्या पडल्या कितीदा पाहिले असेल.

म्हणून एके सकाळी बार्बा बेपो पोते घेऊन आले, तेव्हा माझा आनंद पोटात मावेना. बार्बा म्हणजे काका; बंदरावर त्यांना सगळे तसेच हाक मारतात. जन्मभर पिचिगिन खेळलेला माणूस! त्यांनी आख्खी बादली पोत्यात रिकामी केली, पोते घरी नेले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेकाला सोलायला सुरुवात केली. त्यांचा हात इतका सरावाचा, की बटाटे सोलावेत तशी लव निघत होती. माझी लव निघाली, अंगाला गार हवा लागली आणि मला वाटले, चला, आता समुद्र.

तेवढ्यात त्यांची नात पेरिना समोर येऊन बसली. तिला कमी ऐकू येते. तिच्या दोन्ही कानांत यंत्रे असतात.

"नोनो, चेंडू लावले की खुर्च्यांचा आवाज खरंच होणार नाही?" तिने विचारले. नोनो म्हणजे आजोबा.

"अजिबात नाही. तुमच्या निवेसबाईंनीच सांगितलंय."

"मग मी यंत्रं काढणार नाही. आत्ता ना, मुलं खुर्च्या ओढतात तेव्हा माझ्या डोक्यात भांडी आपटतात. मग मी काढून खिशात ठेवते."

"आणि मग गं?"

"मग छान शांत असतं. पण कोणी हाक मारली तर कळत नाही. म्हणून आता कोणी मारतच नाही."

बार्बा बेपोंचा हात थांबला. त्यांनी नाक पुसले, दुसरा चाकू घेतला आणि माझ्या पोटावर फुलीसारखी चीर दिली. माझ्यातली उरलीसुरली हवा निघून गेली. चिरलेला चेंडू समुद्रात जात नाही, एवढे मलाही कळत होते. खरे सांगतो, त्या वेळी मला त्या मुलीचा रागच आला.

रविवारी बार्बांनी शाळेची किल्ली मागून घेतली आणि वर्गातल्या एकूण एक खुर्चीला चेंडू बसवले. जाताना दारातून मागे वळून, छाती फुगवून पाहिले. सोमवारी मुले आली आणि त्यांनी खुर्च्या मागे ओढल्या. काय सांगू तुम्हाला! उघडे रबर गुळगुळीत फरशीवर असे किंचाळले, की लोखंडी पाय बरे म्हणायची वेळ आली. आम्ही सगळे एकदम किंचाळत होतो, त्यात मीही होतो, आणि आमच्या हातात काही नव्हते. पेरिनाने दोन्ही कान दाबले. मग तिने यंत्रे काढून खिशात घातली आणि पाय खुर्चीवर घेऊन बसली. मागच्या खुर्चीवरच्या तोन्का नावाच्या मुलीने तिला एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, मग शेजारच्या मुलाकडे खोडरबर मागितले. माझा राग कुठल्या कुठे गेला. बादलीत काढलेला हिवाळा मला आठवला.

दुपारी निवेसबाईंनी बार्बांना बोलावून घेतले.

"बार्बा, चेंडूंवरची लव कुठे गेली?"

"सोलली की."

"सोलली? का?"

"का म्हणजे? चेंडू सोलूनच वापरतात."

"अहो, पिचिगिन खेळायला! माझ्या वर्गात काय समुद्र आहे? आवाज बंद करते ती लवच ना!"

बार्बांनी टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. "बाई, जुना चेंडू न सोलता वापरलेला मी जन्मात पाहिला नाही," ते म्हणाले. तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की बाईंचा राग उतरला.

"जाऊ द्या. दुसरे मिळतील?"

"क्लबात होते नव्हते ते सगळे मी आणले. आता नवे खेळून जुने व्हायला उन्हाळा उजाडेल."

"तोवर ती पोर तशीच बसणार हो," बाई म्हणाल्या.

बार्बांनी आम्हाला एकेक करून उपसून काढले, पोत्यात भरले आणि तडक बंदरावर नेले. तिथे त्यांचा जुना मित्र श्पिरो होडीत बसला होता. पाच जणांच्या त्यांच्या खेळातले हे दोघेच आता उरले आहेत, आणि दोघांनी मिळून पिचिगिन होत नाही.

"श्पिरो, ती उशी दे."

"कुठली?"

"बुडाखालची. त्यात मी दिलेली लव भरलीयस ना?"

"दिलीस ना? मग झालं. सबंध हिवाळा थंड फळीवर बसून बूड गोठलं माझं, तेव्हा कुठे ही उशी नशिबी आली."

"पेरिनाच्या शाळेला हवीय. चेंडूंना परत चिकटवायचीय."

श्पिरोला हसता हसता खोकला लागला. "आधी सोलायचे आणि मग चिकटवायचे? बेपो, उद्या मासा साफ केलास की खवले परत लावत बस हो!"

"हस, हस. पोरीनं यंत्रं परत खिशात घातलीत."

श्पिरोचे हसणे थांबले. तो उठला, उशी ओढून काढली आणि आपल्याच चाकूने तिचे पोट फाडले. लवेचा ढीग होडीत पसरला.

"डिंक होडीचा घे. समुद्रात सुटत नाही, तर फरशीवर काय सुटणार?" तो म्हणाला. "आणि मी आता बसू कशावर, ते सांग."

"माझ्या डोक्यावर बस. नाहीतरी जन्मभर तिथंच बसलायस."

मग ते दोघे धक्क्यावर उन्हात बसले आणि आम्हाला आमचे कपडे परत चढवू लागले. कोणाची लव कोणाची, हे आता कोण सांगणार? माझ्या अंगावर एक तुकडा फिकट आहे आणि एक लाल मातीने माखलेला. दोन्ही माझे नाहीत. ज्यांचे आहेत त्यांना मी ओळखतही नाही. शिवण वाकडी आली आहे, एका बाजूला डिंकाचा ओघळ वाळला आहे. दिसायला मी आता अगदीच ध्यान आहे.

पुन्हा सोमवार आला. मुलांनी खुर्च्या ओढल्या. पेरिनाचे हात आधीच कानांपाशी गेले होते. ते तिथेच थांबले. तिने शेजारच्या मुलाच्या खुर्चीकडे बघितले, मग स्वतःची खुर्ची पुढे ढकलली, मागे ढकलली, पुन्हा पुढे ढकलली. मी फरशीवरून घासत गेलो आणि माझा आवाज मलासुद्धा आला नाही. तिने हात खाली घेतले.

यंत्रे त्या दिवशी कानांतच राहिली. शेवटच्या तासाला बाई फळ्यावर लिहीत असताना तोन्का सवयीने शेजाऱ्याला कुजबुजत म्हणाली, "ए, खोडरबर दे ना."

पेरिना खुर्चीसकट मागे वळली. "माझं घे. आणि एवढं हळू कशाला बोलतेस? ऐकू येतंय की!"

तोन्का बघतच राहिली. मग तिने खोडरबर घेतले.

मित्रांनो, माझा एकटेपणा संपला असे मी म्हणणार नाही. मला कोणी बघत नाही, उचलत नाही आणि समुद्र तर आता मिळायचा नाही. मुले सुट्टीत घरी गेली की वर्गात कोणी म्हणजे कोणी नसते. म्हणून तुम्हाला एक सांगणे आहे. तुमच्याकडे जुने चेंडू असतील तर ते फेकू नका, बादलीत विसरूही नका. ते कोणाला हवे आहेत ते विचारा, आणि कशाला हवे आहेत तेही नीट विचारून घ्या. एखादा दिवसभर गप्प बसून असेल तर त्याला ऐकू येत नाही असे समजून सोडून देऊ नका. आणखी एकदा हाक मारा.

आमच्या वर्गात तोन्का आता ऊठसूट काहीतरी कुजबुजते आणि पेरिना खुर्ची घेऊन माझ्यावर गर्रकन वळते. निवेसबाई रागावतात, तरी दोघी ऐकत नाहीत. तेवढाच आता माझा खेळ.